रुग्णालयांनो, बिलाचं कर्ज होऊ नये म्हणून या चुका टाळा

पैशांचं पहिलं बोलणं डिस्चार्जच्या दिवशी होतं, ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते. तोवर घरच्यांनी मिळेल तिथून व्याजाने पैसे उचललेले असतात. तब्येत स्थिर झाली की लगेच विचारा: विमा आहे का, घरात कमावतं कोण, आधीचं कर्ज आहे का? हे बिलिंगच्या खिडकीवर नको, कारण चारचौघांत कुणी आपली अडचण सांगत नाही. समाजसेवा विभागातल्या माणसाने बाजूला बसवून बोलावं. मात्र तातडीचा उपचार या उत्तरांसाठी क्षणभरही थांबता कामा नये.

दुसरी चूक म्हणजे गरजू रुग्णांसाठीची बिलातली सवलत फक्त कागदावर ठेवणं. अमेरिकेत ना-नफा रुग्णालयांना 2010 च्या आरोग्य कायद्याने लेखी सवलत धोरण ठेवणं आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणं बंधनकारक केलं. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून 240 दिवस अर्ज करता येतो आणि पहिले 120 दिवस कोर्टात खेचण्यासारखी कडक वसुली करता येत नाही. तरीही तिथे पात्र रुग्णांची बिलं वसुलीला जातात. आजारी माणसाला लांबलचक अर्ज आणि पुराव्यांची चळत झेपत नाही, हे त्यामागचं एक साधं कारण. अर्ज एका पानाचा करा आणि तो भरायला माणूस द्या. उत्पन्न पाहून मिळणारी सरकारी मदत ज्याला आधीच मिळते, त्याच्याकडे गरिबीचा पुरावा पुन्हा कशाला मागायचा?

बिल न तपासता हातात देऊ नका. एकच तपासणी दोनदा लागलेली असते, परत केलेली औषधं वजा झालेली नसतात. विम्याचा क्लेम उपचाराचा कोड चुकीचा टाकल्यामुळे नाकारला गेला असेल, तर दुरुस्त करून पुन्हा पाठवणं रुग्णालयाचं काम आहे. तो भार रुग्णावर ढकलणं सरळ अन्याय आहे.

हप्ते बिनव्याजी असावेत, आणि घरखर्च भागून जे उरतं त्यातून ठरावेत. बिलाला बारानं भागून हप्ता काढला, तर तो दोन-तीन महिन्यांतच थकतो.

वसुली एजन्सीकडे फाइल देण्याआधी एका जबाबदार अधिकाऱ्याने सही करावी: सवलतीची पात्रता पाहिली, क्लेमचा पाठपुरावा केला, रुग्णाशी प्रत्यक्ष बोललो. यातलं एकही राहिलं असेल, तर फाइल समाजसेवा विभागाकडे परत पाठवा.