ख्रिस्ती आजीवर स्मरणलेख लिहिताना

गोव्यातील ख्रिस्ती घरात कर्ती आजी निवर्तली की सातव्या दिवसाची मिस्सा म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, महिन्याची मिस्सा आणि पुढे वर्षाची मिस्सा असा क्रम ठरलेला असतो आणि त्या निमित्ताने तिच्याविषयी काही लिहिण्याचे काम घरातल्या किंवा शेजारच्या मराठी लिहिणाऱ्या माणसाकडे येते. लेख महिन्याच्या मिस्सेसाठी लिहावा, पण माहिती पहिल्याच आठवड्यात जमवावी. कारण मुंबईहून, आखातातून आणि पोर्तुगालमधून आलेली माणसे तेव्हाच एका छताखाली भेटतात.

माहितीची सुरुवात घराबाहेरून करणे मला अधिक योग्य वाटते. मुले आणि नातवंडे ‘प्रेमळ, कष्टाळू, श्रद्धाळू’ एवढेच सांगतात, आणि ते खरे असले तरी त्यातून बाई दिसत नाही. ती लिजन ऑफ मेरी या चर्चशी जोडलेल्या सेवासंघटनेची सभासद असेल तर तिथल्या साप्ताहिक बैठकीचे इतिवृत्त लिहिलेले असते आणि नेमून दिलेल्या कामाचा अहवाल प्रत्येक सभासद तिथे देतो. परवानगी मिळाल्यास ते इतिवृत्त पाहावे. पावसात कोणा अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीकडे जाऊन तिच्यासोबत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटल्याची त्यातली एक ओळ परिच्छेदभर स्तुतीपेक्षा अधिक सांगते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीतर्फे तिने गरजू घरांना भेटी दिल्या असतील तर कामाचे स्वरूप अवश्य लिहावे, मात्र मदत घेणाऱ्यांची नावे कटाक्षाने टाळावीत. ती झाकून ठेवणे हाही तिच्या सेवेचाच भाग होता.

तारखांसाठी आठवणीवर विसंबू नये. बाप्तिस्म्याची नोंद बहुधा तिच्या माहेरच्या चर्चमध्ये सापडते. तिथे आईवडिलांबरोबर धर्ममातापित्यांची नावे असतात आणि पुढे झालेल्या विवाहाचा उल्लेखही त्याच नोंदीशेजारी केला जातो. जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये असू शकतात, म्हणून ती भाषा वाचू शकणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याला सोबत न्यावे.

खरा वेळ द्यावा तो तिच्या काळाला. 1961 पूर्वी वाढलेल्या बाईने पोर्तुगीज राजवट पाहिलेली असते; तरुणपणी तिने लॅटिनमधील मिस्सा ऐकलेली असते आणि कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962 ते 1965) ती कोकणीतून होऊ लागलेलीही अनुभवलेली असते. हा बदल तिला रुचला होता का, हे तिच्या बहिणीला किंवा मैत्रिणीला विचारावे. नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, असेल तर तो बोटीवर असताना शेताचा हिशेब, मुलांच्या शाळा आणि सासूचे आजारपण कोण पाहत होते, त्याची पत्रे कोण वाचून दाखवत होते, असे नेमके प्रश्न करावेत. ‘आजी कशी होती?’ या प्रश्नाला ठोकळेबाज उत्तर येते; त्याऐवजी लदीन, म्हणजे खुरसापाशी (क्रुसापाशी) होणारी सामूहिक प्रार्थना, धरून ‘मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे लदीन असे, तेव्हा चणे कोण शिजवायचे आणि ते कमी पडले तर ती काय करायची?’ असे विचारले की माणसे बोलू लागतात.

नाताळला ख्रिस्ती घरातून आणि गणेश चवथीला हिंदू घरातून शेजारी जाणारे नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, ताट गोव्यातल्या अशा प्रत्येक लेखात येते. ते असू द्यावे, पण कुंपणावरून किंवा विहिरीच्या पाण्यावरून तिचा शेजाऱ्यांशी वाद झाला असेल तर तोही, घरच्यांच्या संमतीने, दोन वाक्यांत यावा. करारी बाईला मऊ करून टाकणारे लेख मला तरी पटत नाहीत.

भाषेबाबत एवढेच की ‘कैलासवासी’ आणि ‘वैकुंठवासी’ ही विशेषणे सवयीने लिहिली जातात, ती इथे बसत नाहीत. ‘दिवंगत’ पुरेसे आहे. मिस्सा, फेस्त, लदीन, तेर्स हे शब्द गोव्यातील मराठी वाचकाला ठाऊक असल्यामुळे त्यांना कंसात अर्थ देण्याची गरज नाही.

मजकूर पाचशे शब्दांच्या आत ठेवावा आणि छापायला देण्यापूर्वी घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा. नावांचे उच्चार, नाती आणि वाड्यांची नावे यांतील चुका तिथेच पकडल्या जातात. महिन्याची मिस्सा हुकली तर 2 नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस साधावा आणि त्यासाठी लेख व छायाचित्र ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दैनिकाकडे पोहोचवावे.