एका टबात लोकसंख्यावाढीची तीन मॉडेल्स कशी पडताळावीत

ठाण्यात पक्ष्या-प्राण्यांच्या संख्येचा विषय निघाला की सगळे खाडीतल्या फ्लेमिंगोंकडे बोट दाखवतात. या कामाला ते चालणार नाहीत. तिथली संख्या वाढते ती स्थलांतराने. पिल्लं इथे होत नाहीत. त्या आकड्यांना वाढीचं मॉडेल लावणं म्हणजे संध्याकाळी ठाणे स्टेशनातली गर्दी मोजून शहराचा जन्मदर काढण्यासारखं.

त्यापेक्षा लेम्ना घ्या. पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी पानं, एकातून दुसरं फुटतं, आणि चांगल्या परिस्थितीत दोन-तीन दिवसांत दुप्पट होतात.

१. गॅलरीत, दुपारचं कडक ऊन लागणार नाही अशा जागी टब ठेवा. पाण्यात थोडं खत मिसळा, दहा पानं सोडा. वर बारीक जाळी हवीच, नाहीतर लेम्नाआधी डासांचीच पैदास होईल.

२. दर दोन दिवसांनी पानं मोजा. दाटी झाली की वरून फोटो काढून मोजणं सोपं जातं. आटलेलं पाणी भरत राहा.

३. आता तीन दावेदार. घातांकी वाढ: माल्थसने १७९८ मध्ये गाजवलेली, जिला मर्यादाच नाही. लॉजिस्टिक: फेरहुल्स्टने १८३८ मध्ये मांडलेलं, ज्यात धारणक्षमता, म्हणजे टबात जास्तीत जास्त टिकू शकणारी संख्या, येते. आणि गॉम्पर्ट्झचं, जे १८२५ मध्ये मुळात माणसांच्या मृत्युदरासाठी मांडलं गेलं होतं आणि पुढे वाढीलाही लावलं गेलं.

४. संख्येचा आलेख काढून लगेच निकाल देऊ नका. शेवटची दोन्ही मॉडेल्स इंग्रजी एस अक्षरासारखीच दिसतात, नुसत्या नजरेला फसवतात. त्याऐवजी एका पानामागचा वाढीचा दर काढा: नंतरची संख्या भागिले आधीची, त्याचा नैसर्गिक लॉग, भागिले दिवस. तीन दिवसांत १० ची २० झाली तर रोजचा दर सुमारे ०.२३, दोन दिवसांत ४०० ची ४४० झाली तर जेमतेम ०.०५. हा दर त्या काळातल्या सरासरी संख्येसमोर मांडा. आडवी रेघ आली तर वाढ घातांकी. सरळ उतरती आली तर लॉजिस्टिक. आधी झपकन उतरून मग सपाट होत गेली, तर संख्येऐवजी तिचा लॉग घेऊन बघा. आता रेघ सरळ झाली तर गॉम्पर्ट्झ.

५. शेवटच्या काही मोजण्या बाजूला ठेवा, उरलेल्यांवर मॉडेल बसवा आणि झाकलेले आकडे कोण जवळ सांगतं ते बघा. जास्त अचल पदं (मॉडेल बसवताना आपण ठरवतो ते आकडे) घातली की कुठलंही मॉडेल जुन्या आकड्यांवर छान बसतं, म्हणून माझा भर या पायरीवर.

६. तरीही निवाडा होत नसेल, तर टब भरल्यावर दहापैकी चार भाग पानं ठेवून बाकीची कुंडीत टाका, तलावात नको. पाणी बदलून तेवढंच खत घाला. लॉजिस्टिकमध्ये रोजची भर संख्या धारणक्षमतेच्या निम्म्यावर पोहोचेपर्यंत वाढते. गॉम्पर्ट्झमध्ये ती सुमारे ३७ टक्क्यांवरच शिखर गाठते, त्यामुळे इथे पहिल्या दिवसापासून उतरेल.