आधी राउटर टीव्हीमागून काढा, प्लॅनचं मग बघू

मी कोल्हापुरात घरोघरी फायबरची जोडणी करतो. तक्रारीचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: “दादा, नेट लई स्लो आहे, मोठा प्लॅन टाकू का?” मी म्हणतो, थांबा. आधी राउटरशेजारी उभं राहून स्पीड टेस्ट करा, मग जिथे अडतंय त्या खोलीत जाऊन करा. शेजारी शंभरातले नव्वद मिळतायत आणि आतल्या खोलीत आठच, तर मोठ्या प्लॅनचे पैसे पाण्यात. राउटरजवळच कमी येत असेल, तर त्याच्या जवळ लॅपटॉप केबलने जोडून पाहा. तरीही कमी, तर मग आम्हाला बोलवा.

रेंज मोजताना मोबाइलवरच्या काड्यांवर जाऊ नका. एकाच जागी एका फोनवर दोन दिसतात, दुसऱ्यावर चार. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप टाका. आयफोनवर एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वायफाय स्कॅनर चालू करा. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आरएसएसआयपुढे आकडा दिसतो. तो डीबीएममध्ये, म्हणजे रेंजची ताकद मोजायच्या मापात, आणि उणे असतो, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. शून्याच्या जितका जवळ, तितका बरा. उणे ४५ म्हणजे झकास, उणे ८० म्हणजे फोन जोडलेला दिसतो पण पान उघडता उघडत नाही. व्हिडिओ कॉल न तुटता चालायला उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा हवा. तीन डीबी घटले, म्हणजे उणे ६७ चे उणे ७० झाले, की ताकद निम्मी होते, दहा घटले की दहावा हिस्सा उरतो. म्हणून राउटर हातभर सरकवून पाच-सहा डीबी मिळाले, तर ती फुकटातली मोठी कमाई समजा.

नेहमी दारं जशी असतात तशीच ठेवून खोली-खोलीचा आकडा कागदावर लिहा, मग राउटर हलवा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, मोठ्या आरशापाशी, फिश टँकच्या आड तो नको. घराच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्यावर हवा. खरं सांगायचं तर आम्ही जोडणीवाले वायर जिथून आत येते तिथेच डबा ठोकतो, कारण आम्हाला ते सोपं पडतं. जोडणीच्याच दिवशी हटून बसा. अँटेना उभी असली की रेंज आडवी पसरते, टोकाच्या दिशेने कमी जाते. वरच्या मजल्यावर पोचवायची असेल तर एक अँटेना आडवी करून बघा.

नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं नेटवर्क म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे, तो ५ गिगाहर्ट्झचा बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा एक पट्टा. दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा. ५ चा वेग जास्त, पण तो भिंतीपुढे लवकर हरतो. पेठांमधल्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंतींपलीकडे तो जेमतेमच पोचतो. तिथे २.४ वर राहा. मात्र २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते, आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाका, २.४ च्या सेटिंगमध्ये चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली मार्गिका, १, ६ किंवा ११ यांतलं कमी गर्दीचं निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा.

एवढं करूनही एखादी खोली कोरडीच राहिली तर लोक रिपीटर, म्हणजे रेंज पकडून पुढे ढकलणारा डबा, आणतात आणि नेमका त्याच खोलीत लावतात. मुळात तिथे रेंजच नाही, तर तो पुढे काय ढकलणार? तो वाटेत, उणे ६०-६५ असेल तिथे लावा. तरी एकाच बँडवर घेणारा-देणारा स्वस्त रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो. माझ्या मते त्यापेक्षा राउटरपासून कॅट ६ ही नेटवर्कची केबल ओढावी आणि जुना राउटर दुसऱ्या टोकाला लावावा. आधी दोघांची टक्कर नको म्हणून जुन्याचा १९२ वाला पत्ता बदला, त्यातलं डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, बंद करा आणि केबल वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) नव्हे, लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमध्ये घाला. शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे घराला भरपूर. फक्त ती निखळ तांब्याची घ्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलीही मिळते. दुकानातच तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा.