जुनी डिझेल गाडी घेतलीय? मग या चुका टाळा

जुनी डिझेल गाडी घ्यायला काहीच हरकत नाही. दीड लाख किलोमीटर पळालेलं इंजिनसुद्धा नीट सांभाळलं तर बरीच वर्षं साथ देतं. ते मारतात नवे मालक, आणि कोल्हापुरात बहुतेक वेळा दोनच कारणांनी: पाणी आणि घाई.

गाडी हीट घेते म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतो, "थर्मोस्टॅट काढून टाक की, आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?" हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. इंजिन साधारण 85-90 अंशांवर चालावं म्हणून तो तिथं बसवलेला असतो. काढला की इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त खातं, काजळी धरतं. काही इंजिनांत तर बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट, उघडी राहते आणि बरंच पाणी रेडिएटरकडं जातच नाही. म्हणजे चढावर गाडी उलट जास्त तापते.

ओळखीतल्या एका पोराची गाडी अशीच होती. थर्मोस्टॅट काढलेला, कूलंटच्या जागी नळाचं पाणी. घर ते शिरोली एमआयडीसी एवढ्या फेऱ्यांत तापमानाचा काटा हलायचा नाही, त्यामुळं तो निर्धास्त. मे महिन्यात मालवणला गेला. परतताना गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, आणि समोर करूळ घाट. निम्म्या घाटात काटा लाल पट्टीला टेकला. "आता गगनबावड्यातच थांबू" म्हणत यानं गाडी तशीच रेटली. वर पोचला तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. लगेच रेडिएटरचं टोपण फिरवलं, मनगट भाजलं. मग तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं. गाडी टोइंगवर कोल्हापुरात आली. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसत होता. ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं, गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधे जळलेली. हेड घासून सपाट करायचं फेसिंग, गॅस्केट, वॉटर पंप, मजुरी. पोराची सगळी शिल्लक त्यात गेली. काटा चढायला लागला तिथंच थांबला असता तर बहुधा थर्मोस्टॅट आणि कूलंटवर भागलं असतं.

काटा नेहमीच्या जागेवरून सरकला की एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, आणि जागा मिळेल तिथं गाडी बाजूला. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत टोपणाला हात नाही. पाणी कमी होतंय पण खाली थेंब नाही, सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहतात, किंवा डिपस्टिकवर ऑइल ताकासारखं दिसतंय, तर हेड गॅस्केट तपासून घ्या. गळती बुजवायची पावडर माझ्या गाडीत मी कधीच पडू देत नाही. ती गळतीआधी रेडिएटर बुजवते.

पुराचं पाणी हा आपल्याकडचा वेगळा विषय. 2019 आणि 2021 च्या महापुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. पाणी ओसरलं की पहिला मोह होतो सेल्फ मारून बघायचा. अजिबात मारू नका! पाणी दाबलं जात नाही, आणि डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की जागा उरते अगदी थोडी. आत पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी कधी गाडी चालूही होते आणि काही महिन्यांनी तोच रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. आधी बॅटरी सोडवा, एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर हीटर प्लग (थंड इंजिन चालू होताना सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग) काढून क्रँक पुली पान्यानं हातानं फिरवायची, पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं. जुनी गाडी बघायला गेलात तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि स्टेपनीखालचा खड्डा बघा. पुसूनही चिखल तिथं राहतो.

डिझेलमधलं पाणी त्याहून सोपं, तरी दुर्लक्षित. डिझेल फिल्टरच्या तळाला ड्रेन स्क्रू असेल तर पावसाळ्यात मी तो अधूनमधून ढिला करून पाणी सोडतो. फिल्टर बदलल्यावर गाडी चालू होत नसेल तर बहुधा डिझेलच्या लाइनमध्ये हवा आहे. हँड प्रायमर (डिझेल पुढं ढकलायचा हातपंप) असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबा. सेल्फ मारत बसलात तर बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही जातील.

सकाळी गाडी उठत नाही म्हणून एअर इनटेकला पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे? हीटर प्लगच्या गाडीत नकोच. वेळेआधी पेट घेऊन पिस्टन रिंगा तुटू शकतात. प्लग तपासा, खराब निघाले तर बदला.

घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, टर्बोला मिनिटभर आयडलवर ऑइल मिळू द्या.

आणि पिकअप गेला, काळा धूर येतोय म्हणून कुणी थेट नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढायला लागला तर त्याला थांबवा. आधी इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचा, होज बघा. मी क्लिपपाशी आणि होजच्या खालच्या बाजूनं बोट फिरवतो. चीर असेल तर तिथं ऑइलचा ओलावा लागतो. होज बदलूनही फरक पडला नाही तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) साफ करून घ्या, आणि त्यानंतर नोझल.