समुद्री टँकसाठी लहान, शांत गोबी कसा निवडावा

टँक मुरलेला आहे, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आहेत, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५-२६ अंशांवर टिकून आहे, हे सगळं मी धरून चालतो. एवढं जमलेलं नसेल तर मासा आणायची वेळ अजून आलेली नाही.

"गोबी ना, कुठलाही घ्या, गरीब असतो बिचारा." हा सल्ला इतक्या वेळा कानावर येतो की आता राग येतो. गोबी हे बहुतेक तळाशी बसून राहणारे छोटे मासे, आणि त्यांच्या जाती दोन हजारांच्या घरात आहेत. कोकणातल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटीसुद्धा त्यांच्याच भावकीतली. तेव्हा "कुठलाही" म्हणजे नेमका कुठला?

आधी जात ठरवा. पहिल्यांदाच गोबी पाळणार असाल तर माझं मत निऑन गोबीला. फ्लोरिडापासून बेलीझपर्यंतच्या समुद्रातला हा मासा जेमतेम पाच सेंटिमीटरचा. काळ्या अंगावर निळा चमकदार पट्टा, आणि मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खायची सवय. बंदिस्त पैदाशीचा मिळाला तर तोच घ्या, कारण तो टँकमधलं खाणं लहानपणापासून ओळखतो. आयुष्य मात्र एक-दोन वर्षांचंच, हे माहीत असू द्या. पिवळा क्लाउन गोबी याहूनही लहान, साडेतीन सेंटिमीटरचा. त्याच्या अंगावरचा चिकट स्राव कडवट असल्यामुळे मोठे मासे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. पण टँकमध्ये अ‍ॅक्रोपोरा हे फांद्या फुटलेलं प्रवाळ असेल तर अंडी घालायला जागा करताना तो फांद्या कुरतडतो. तळाला पाच-सहा सेंटिमीटर बारीक वाळू असेल तर पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्टल कोळंबी ही जोडी आणा. कोळंबी बीळ खणते आणि गोबी दारात पहारा देतो. फक्त दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवा, नाहीतर खालची वाळू उकरली गेली की रचना कोसळते.

दोन जाती लहान टँकमध्ये नकोतच. डायमंड गोबी तोंडाने वाळू चाळून त्यातले जीव खातो. चाळायला पुरेशी जुनी, बारीक जीवांनी भरलेली वाळू नसेल तर तो उपाशी राहतो, शिवाय प्रवाळांवर वाळू ओततो ते वेगळंच. लालभडक अंगावर निळ्या पट्ट्यांचा कॅटालिना गोबी दिसायला फार सुंदर, पण तो कॅलिफोर्नियाच्या गार पाण्यातला. आपल्याकडच्या २६ अंशांच्या टँकमध्ये त्याचं आयुष्य झपाट्याने आटतं. दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका.

आता खरी कसोटी: दुकानातल्या चार गोबींपैकी नेमका कुठला घ्यायचा? मला सगळ्यात जड गेली ती हीच पायरी.

मुळात गोबी तळाशी किंवा दगडावर बसून असतो. तरंगायला लागणारी हवेची पिशवी बहुतेक गोबींमध्ये नसते किंवा नावापुरती असते. त्यामुळे नुसता बसून आहे म्हणजे आजारी, असं नाही. बघायचं ते पोट. समुद्रातून काढल्यापासून दुकानात येईपर्यंत तो कितीतरी हातांतून जातो आणि पिशवीतलं पाणी खराब होऊ नये म्हणून प्रवासाआधी त्याला उपाशी ठेवतात. एवढ्याशा अंगात साठा तो किती असणार? शांत टँकमधला गोबी भांडणात क्वचित मरतो, भुकेने मरतो.

काचेच्या पातळीला डोळे आणून समोरून बघा. पोट किंचित गोल किंवा सपाट असेल तर ठीक. छातीच्या परांमागे खळगा पडलेला दिसला तर मासा उपाशी आहे. मग वरून बघा. डोक्यामागचं मांस बसलंय आणि डोकं अंगापेक्षा मोठं वाटतंय, असा मासा सहसा परत उभा राहत नाही. दया येऊन तो घेऊ नका. तुमच्या घरी तो जगण्याची शक्यता फार कमी, आणि दुकानदार त्याच्या जागी पुढचा उपाशी मासा आणून ठेवील. पोट फुगलेलं आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर आतड्यात परजीवी असू शकतात. अंगावर मिठासारखे कण किंवा धुळीसारखा बारीक थर दिसला तर तो टँकच सोडून द्या, त्यातला कुठलाच मासा नको.

मग खायला घालायला सांगा. जिवंत अर्टेमियावर (माशांना घालतात त्या इवल्याशा कोळंबीसारख्या जीवांवर) तुटून पडला, याला मी पुरावा मानत नाही. हलणारं खाणं बहुतेक मासे टिपतात. फ्रोझन मायसिस, म्हणजे गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव, वितळवून टाकायला लावा. धडधाकट क्लाउन गोबी फांदीवर बसल्या बसल्या आधी डोळे फिरवतो, कण जवळ आला की एक झेप घेतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. इथेच नजर हटवू नका. घास गिळला की थुंकला, ते बघा. थुंकणारा मासा न खाणाऱ्यातच धरा. "आत्ताच खाऊ घातलंय साहेब" असं उत्तर मिळालं तर पुढच्या खाण्याच्या वेळेला परत जा. हवं तर थोडे आगाऊ पैसे देऊन मासा आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा. ज्या दुकानात खायला घालून दाखवायला नकार मिळतो, तिथून मी गोबी घेत नाही.

शेजारी: हॉकफिश, लायनफिश किंवा डॉटीबॅक यांपैकी कुठलाही शिकारी किंवा भांडखोर मासा असेल तर गोबी नको. वॉचमन एका टँकमध्ये एकच, किंवा आधीच जमलेली जोडी.

घरी आणल्यावर वेगळ्या टँकमध्ये ठेवून निरीक्षण करा. तांब्याचं औषध वापरायचं झालं तर तिथेच, कारण मुख्य टँकमधली कोळंबी त्याने मरते. मुख्य टँकमध्ये सोडल्यावर पहिले काही दिवस पंप दहा मिनिटं बंद करून पिपेटने मायसिस थेट त्याच्या बसायच्या जागेजवळ सोडा. नाहीतर डॅमसेलसारखे चपळ मासे सगळं वरच्या वर फस्त करतात.

आणि टँक उघडा ठेवू नका, गोबी उडी मारतो. वर बारीक जाळी बसवा. वायर आणि पाइपसाठी सोडलेली फटही बुजवा, पाच सेंटिमीटरच्या माशाला तेवढी पुरते.