खिडक्या बदलण्याचे काम देण्यापूर्वी कंत्राटदाराकडून काय जाणून घ्यावे

नवी खिडकी गळू लागली की दोष सहसा मालाला दिला जातो. परंतु पाणी बहुतेक वेळा काचेतून नव्हे, तर चौकट आणि भिंत यांच्यामधील फटीतून आत येते. ही फट कारखान्यात भरली जात नाही, ती घरी येणारा कारागीर भरतो. म्हणून खिडकी कोणत्या कंपनीची आहे याहूनही ती कोण बसवणार आणि कशी बसवणार, याची चौकशी अधिक बारकाईने करावी.

कंत्राटदाराची खरी पारख मोजमापाच्या वेळीच होते. जाणकार माणूस रुंदी वर, मध्ये व खाली आणि उंची दोन्ही कडांना व मध्यभागी अशी तीन-तीन ठिकाणी मोजतो, दोन्ही कर्ण ताडून जागा गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, आहे की नाही ते पाहतो आणि सर्वांत लहान माप धरून त्याहून काही मिलिमीटर कमी आकाराची चौकट मागवतो. फोनवर मापे विचारून पक्का दर सांगणाऱ्याला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच भट्टीतून बाहेर आल्यानंतर कापता येत नाही, त्यामुळे माप चुकले की काच नव्यानेच करावी लागते. तो खर्च माप घेणाऱ्याने सोसावा, हे आधीच लेखी घ्यावे.

जुनी चौकट काढली जाणार आहे की तिच्या आतच नवी बसवली जाणार आहे, हा प्रश्न अनेक जण विचारतच नाहीत, आणि दोन दरपत्रकांत मोठा फरक दिसतो तो पुष्कळदा याच कारणाने. जुनी चौकट तशीच ठेवल्यास गिलावा फुटत नाही आणि काम लवकर उरकते. मात्र काचेचे क्षेत्र घटते आणि कुजलेले लाकूड किंवा गंजलेले लोखंड आत झाकले जाते. स्क्रूड्रायव्हरचे टोक लाकडात सहज रुतत असेल, तर ती चौकट काढणेच योग्य. घर फार जुने असल्यास रंगात शिसे असू शकते, तेव्हा खरवडताना उडणाऱ्या धुळीची काय व्यवस्था करणार, हेही विचारावे.

त्यानंतर बसवण्याची रीत कंत्राटदाराच्याच तोंडून ऐकावी. फुगून घट्ट होणारा फोम फट भरतो, पण उघड्यावर राहिल्यास उन्हाने भुगा होतो, म्हणून बाहेरून हवामान सोसणारे सिलिकॉन लागते; खिडकीच्या तळाला बाहेरच्या दिशेने उतार लागतो; आणि सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधील पाणी बाहेर जाण्याची छिद्रे मोकळी राहावी लागतात. ही छिद्रे कारागिराने हौसेने सिलिकॉन भरून बुजवल्याचे प्रकारही घडतात. ‘काळजी करू नका, आमचे नेहमीचे काम आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर काळजी करावी.

दरपत्रकात केवळ एकूण रक्कम असू नये. ॲल्युमिनियम असल्यास त्याची जाडी, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) असल्यास आतील पोलादी पट्टी, काचेचा प्रकार व जाडी, कुलूप, रोलर आणि जाळी यांची नोंद असावी. गिलावा व रंगाची दुरुस्ती आणि राडारोडा उचलणे कोणाकडे, तेही लिहिलेले असावे. उंचावरील कामासाठी कामगारांचा विमा आणि सुरक्षा पट्टे आहेत का, ते पाहावे.

हमी दोन प्रकारची असते: मालाची हमी उत्पादक देतो आणि बसवणुकीची कंत्राटदार. दुहेरी काचेच्या मधल्या पोकळीत बाष्प धरले, तर कडेचे सील फुटलेले असते आणि ते पुसून जात नाही; अशा वेळी नव्या काचेबरोबर ती बसवण्याची मजुरीही हमीत येते का, हे वाचून घ्यावे. जुन्या ग्राहकांकडे चौकशी करायची झाल्यास गेल्या महिन्यातील नव्हे, तर दोन-तीन वर्षांपूर्वीची कामे पाहावीत.

शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीपर्यंत राखून ठेवावा आणि तशी अट करारात घालावी. चाचणीच्या वेळी बाहेरून नळीने आधी खालच्या कडेवर आणि मग हळूहळू वर पाणी मारावे व आत एका माणसाने उभे राहावे, म्हणजे पाणी झिरपलेच तर नेमके कोणत्या सांध्यातून, ते कंत्राटदारासमक्ष कळते.