डॅशबोर्डवर एकदम सहा दिवे? डिझेल गाडीवाल्यांनो, या चुका टाळा

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळचे आठ वाजलेले, विक्रोळीच्या आसपास गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. वायपर, हेडलाइट, एसीचा पंखा सगळं चालू. पुलाखालून यू टर्न घ्यायला स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि डॅशबोर्डवर एकामागून एक दिवे लागत गेले. एबीएस (ब्रेक दाबताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन (चाकं जागीच गरगरू न देणारी), स्टिअरिंग, हँडब्रेक आणि वर हीटर प्लगचं, म्हणजे थंड डिझेल इंजिन आतून गरम करणाऱ्या प्लगचं, ते स्प्रिंगसारखं चिन्ह लुकलुकायला लागलं. एअरबॅगचा दिवा आदल्या आठवड्यापासून होताच, तो धरून सहा. शेजारून बायको म्हणाली, "गणपतीला अजून वेळ आहे ना? रोषणाई आत्ताच?"

पुढच्या सिग्नलला पाच दिवे आपोआप विझले. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये गाडी वळवताना परत हजर. वर्कशॉपने बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि सांगितलं, एबीएसचं मॉड्यूल (कंट्रोलर) गेलं, खर्च पन्नास हजारांच्या घरात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच, पण हे कळायला मला पुढचे दहा दिवस लागले.

सगळ्यात आधी: थांबायचं की चालवायचं?

लाल रंगाचं ऑइलच्या किटलीचं चिन्ह लागलं तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा जाऊ नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तापमानाच्या लाल दिव्याचंही तेच. बॅटरीचा लाल दिवा लागला, त्याच वेळी स्टिअरिंग जड झालं आणि तापमानाचा काटा वर चढू लागला, तर बहुतेक बाहेरचा बेल्ट तुटलाय. त्या एका बेल्टवर अल्टरनेटर, जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि काही इंजिनांत वॉटर पंपही फिरतो. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो, म्हणजे बेल्ट गेला की दोन-चार दाबांनंतर ब्रेकही दगडासारखा लागतो. इथे तपास वगैरे काही नाही, टोइंग बोलवा.

पिवळे दिवे लागले तर विचार करायला वेळ असतो.

जितके दिवे तितके बिघाड समजणं

मीही हीच चूक केली. आजच्या गाडीत इंजिन, एबीएस, स्टिअरिंग, मीटर यांचे वेगवेगळे कंट्रोलर दोन वायरींच्या एका जोडीवरून सतत एकमेकांशी बोलतात. एकजण गप्प झाला की बाकीचे आपापला दिवा लावून तक्रार नोंदवतात. शिवाय कित्येक गाड्यांत इंजिनमध्ये काही बिघडलं की ट्रॅक्शन कंट्रोल आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय) मुद्दाम बंद केले जातात. दिवा त्यांचा लागतो, दुखणं इंजिनचं असतं.

म्हणून पाच भाग एकाच सकाळी मेले असं मानण्यापेक्षा, या पाचांमध्ये समान काय आहे हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर चारांपैकी एक निघतं: करंट, अर्थ (म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह बॉडी-इंजिनला जोडणारी वायर), चाकाचा स्पीड सेन्सर किंवा ब्रेक पेडलचा स्विच. शेवटचा तर शे-दोनशेपासून काही हजारांत येणारा भाग, पण तो बिघडला की ट्रॅक्शनचा दिवा लागतो, क्रूझ (गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद पडतो आणि काही डिझेल गाड्यांत हीटर प्लगचं चिन्हही लुकलुकतं. लोक हीटर प्लग बदलून बसतात. मागे कुणाला तरी उभं करून ब्रेक दाबा, मागचे ब्रेकचे दिवे लागतात-विझतात का बघा, इतकं तरी करावं.

कोड न लिहिता पुसून टाकणं

गल्लीतल्या मिस्त्रीकडे गेलात की स्कॅनर लावून "सगळं क्लिअर केलं साहेब" हे तो अभिमानाने सांगतो. पुरावा गेला! आधी सगळ्या मॉड्यूलचे कोड कागदावर उतरवून घ्या, फोटो काढा, मग पुसा आणि जो पहिला परत येतो तो बघा. ब्लूटूथचे स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात, एबीएस आणि एअरबॅगचे नाही, हेही ध्यानात असू द्या.

कोडची भाषाही समजून घ्या. यू०१२१ म्हणजे एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला. मॉड्यूल मेलं, असा त्याचा अर्थ नाही. फोन लागत नाही म्हणून माणूस वारला असं आपण म्हणतो का? माझ्या कागदावर यू०१२१ वर्कशॉपने पेनाने गोल करून दिला होता. त्याच कागदावर इंजिनखाली पी०५६२, म्हणजे सिस्टिमचं व्होल्टेज कमी, आणि स्टिअरिंगखालीही व्होल्टेज कमी असंच लिहिलेलं. तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, माझंही नाही.

बॅटरी नवी आहे म्हणून करंट ठीक आहे असं धरणं

भांडुपला एक वायरमन काका आहेत. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, "दिवे कधी लागतात? गाडी पळताना की वळवताना?" वळवताना, मी म्हटलं. "मग मॉड्यूल राहू द्या बाजूला. स्टिअरिंगची मोटर करंट ओढते तेव्हा लागतात ते."

मग मल्टिमीटर निघाला. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. डिझेल इंजिनचं कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे सेल्फ पेट्रोलपेक्षा जास्त करंट खातो आणि म्हातारी बॅटरी इथेच उघडी पडते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवं. नव्या गाड्यांतले हुशार अल्टरनेटर हा आकडा स्वतःच वर-खाली करतात, तेव्हा एकदाच बघून निकाल देऊ नका. माझे सगळे आकडे उत्तम होते, म्हणूनच वर्कशॉप फसलं होतं.

काकांनी पुढची टेस्ट केली, ती फार थोडे लोक करतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. ०.२ पर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेलं तर अर्थमध्ये गडबड. आमच्याकडे ०.९ आलं. बॅटरीचा ट्रे काढला तर खाली बॉडीला जिथे अर्थची वायर बोल्टने आवळलेली असते, तिथे हिरवट-पांढरा भुगा जमला होता. वायरचे धागे बोटाने चुरडले तर तुटून हातात आले. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या ओलीत हे होणारच. नवी पट्टी, पॉलिश पेपरने घासलेला बोल्ट, वर व्हॅसलीनचा हात. बिल झालं साडेसातशे.

हे घरी करणार असाल तर आधी निगेटिव्ह काढा आणि लावताना तो शेवटी लावा. आणि "अल्टरनेटर चालतो का बघू" म्हणून चालू गाडीची बॅटरी काढायची जुनी खोड मात्र सोडा. जुन्या जीपला ते चालून जायचं. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ठीकठाक ईसीयू (इंजिनचा कंट्रोलर) खरोखरच जळू शकतो.

बॅटरी काढून लावल्यावर ट्रॅक्शन किंवा स्टिअरिंगचा दिवा राहिला तर घाबरू नका. स्टिअरिंग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवा, बऱ्याच गाड्यांत तो विझतो. नाहीतर स्कॅनर लावून गाडीला स्टिअरिंगचा सरळ कोन (अँगल) नव्याने शिकवावा लागतो.

पाणी, उंदीर आणि खड्डे

पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली आणि दोन दिवसांनी दिवे लागले, तर आधी पायाखालचं कार्पेट उचलून बघा. वरून कोरडं दिसतं, खालचा फोम ओला असतो आणि वायरींचे कपलर (जोडायचे प्लग) तिथूनच जातात. पाण्यात गाडी बंद पडली तर मात्र परत सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तर तपास अर्धा झालाच. उंदराने कुरतडलेली वायर नुसती टेपने गुंडाळू नका, दोन महिन्यांत ती आतून हिरवी होते.

खड्ड्यात आपटल्यानंतर किंवा चाकाचं बेअरिंग बदलल्यानंतर एबीएस, ट्रॅक्शन आणि हिल होल्ड हे तीनच दिवे एकत्र लागले तर चाकाचा स्पीड सेन्सर बघा. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग लावून गल्लीत २० च्या वेगाने चक्कर मारा. तीन चाकं २० आणि एक शून्य दाखवेल. बऱ्याच बेअरिंगच्या एकाच बाजूला चुंबकाची चकती असते, सेन्सर वेग तिच्यावरूनच वाचतो. मिस्त्रीने ते उलटं बसवलं की नवं बेअरिंग, नवा सेन्सर आणि दिवा तसाच.

डीपीएफचा दिवा वेगळा ओळखा

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांना हे लागू. सायलेन्सरमधल्या फिल्टरची काजळी जाळायला साधारण ६०० अंशांचं तापमान लागतं आणि एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते कधीच येत नाही. हा दिवा नुकताच लागला असेल आणि बाकी काही नसेल तर ईस्टर्न फ्रीवेसारख्या रस्त्यावर १५-२० मिनिटं गाडी एका लयीत चालवा. मधेच पंखा जोरात फिरतोय, आयडलिंग वाढलंय असं वाटलं तर इंजिन लगेच बंद करू नका, सफाई अर्धवट राहते. असं वारंवार झालं की न जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होण्यासारखं त्यात काही नाही.

आता माझा सहावा दिवा. अर्थ बदलल्यावर पाच गेले, एअरबॅगचा मुक्कामालाच. काकांनी मान खाली घालून सीटखाली टॉर्च मारला. पावसाळा म्हणून मी तिथे घडीची छत्री सरकवून ठेवायचो, तिच्या दांड्याने पिवळा कपलर अर्धा निसटला होता. पिवळ्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना मीटर लावायचा नसतो, म्हणून बॅटरी काढून काही मिनिटं थांबून त्यांनी तो खटकन बसवला आणि कोड पुसला. छत्री हल्ली डिकीत असते.